शंट टाकला, पण मुलाला पुन्हा उलट्या का होतायत?

नमस्कार! बाळाच्या डोक्यात पाणी झालं, डॉक्टरांनी ते पाणी वाहून न्यायला नळी, म्हणजे शंट टाकला, टाके निघाले, घरी आलो, सुटलो एकदाचे, असं घरच्यांना वाटतं आणि वाटणारच हो, पण मला आज त्याच्या पुढचं बोलायचंय. कारण लहान मुलांमधले साधारण 30 ते 40 टक्के शंट पहिल्याच वर्षात बिघडतात, आणि हे फक्त आपल्याकडे नाही, अमेरिकेतल्या मोठमोठ्या सेंटरमध्येही हेच चित्र आहे.

आता नळी कशी असते ते पटकन सांगतो. वरचं टोक मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत, कानामागे व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी किती वाहायचं ते ठरवणारी झडप, तिथून कातडीखालून मान, छाती आणि खालचं टोक पोटात. पोटात ते पाणी शोषलं जातं. आधी हे टोक हृदयाकडे सोडायचे, 1956 साली फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाने स्वतःच्या मुलासाठी सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला तोसुद्धा त्याच पद्धतीचा. पण पोरं वाढतात, नळी वाढत नाही! पोटात जास्तीची नळी गुंडाळून ठेवता येते, म्हणून पोट.

सगळ्यात जास्त त्रास नळी तुंबण्याचा, आणि बहुतेक वेळा वरच्या टोकाला, कारण जिथे हे पाणी तयार होतं तो कोरॉइड प्लेक्सस त्या बारीक भोकांमध्ये शिरतो. तान्ह्या बाळात टाळू फुगते, डोकं भराभर वाढतं, डोळे खाली वळलेले राहतात. मोठ्या मुलात सकाळी डोकं दुखणं, उलट्या, तिरळेपणा, कधी नुसतं अभ्यासात मागे पडणं. आणि इथेच गडबड होते, कारण उलटी म्हटलं की आपण दात येतायत, पोट बिघडलंय, बाहेरचं खाल्लं असेल यावर जातो आणि औषध देऊन दोन दिवस वाट बघतो. शंटवाल्या मुलात असं करू नका. उलटीबरोबर पोर पेंगतंय, नीट जागं होत नाही, तर ही काही तासांची गोष्ट असते, सरळ न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं.

काही जण घरी व्हॉल्व्ह दाबून बघतात, चालतोय का म्हणून. नका दाबू, त्यावरून काही खात्रीचं कळत नाही.

बरं, सीटी नॉर्मल आला तर? तरीही शंट बंद असू शकतो. काही मुलांच्या पोकळ्या नळी तुंबली तरी फुगत नाहीत, म्हणून मूल बरं असतानाचा जुना स्कॅन शेजारी ठेवून बघावा लागतो. ती फिल्म, ती सीडी जपून ठेवा. आणि आई म्हणतेय की मागच्या वेळी शंट बंद पडला तेव्हा हा असाच झाला होता, तर माझ्या मते ते रिपोर्टइतकंच महत्त्वाचं आहे, ठासून सांगा डॉक्टरांना.

दुसरा त्रास इन्फेक्शनचा. बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांतच होतं आणि जंतू बऱ्याचदा आपल्याच कातडीवरचे असतात. ताप, नळीच्या वाटेवर लाली, पोटदुखी. यात नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही, शंट काढून तात्पुरती बाहेरची नळी, शिरेतून अँटिबायोटिक आणि मग नवा शंट, म्हणजे मुक्काम लांबतो. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात एक मोठी ब्रिटिश चाचणी आली, त्यात साध्या शंटला 6 टक्के इन्फेक्शन आणि अँटिबायोटिक मुरवलेल्याला 2 टक्के. चांदी मुरवलेल्या शंटने मात्र काही फरक पडला नाही.

मग महागडा व्हॉल्व्ह घ्यायला हवा होता का? आपला भारतीय छाब्रा शंट कितीतरी स्वस्त, आणि युगांडातल्या मुलांमध्ये महाग परदेशी शंटशी तुलना केली तेव्हा वर्षभरात फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

बाकी मानेत नळी तुटते, सुटते. पाणी जास्त वाहून गेलं तर मेंदूभोवती रक्त साचू शकतं. पोटात पाण्याची गाठ होते, मुलग्यांना हर्निया होतो. क्वचित नळीचं टोक शौचाच्या जागेतून बाहेर डोकावतं, ऐकायला भयंकर वाटतं पण होतं, ते घरी ओढायचं नाही, तसंच हॉस्पिटलला न्यायचं.

आणि हो, प्रोग्रामेबल व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेरून सेटिंग बदलता येणारा, असेल तर एमआरआयच्या चुंबकाने काही मॉडेलचं सेटिंग हलतं, एमआरआय झाला की ते तपासून घ्यायचं. त्यासाठी व्हॉल्व्ह कुठला आणि सेटिंग किती हे माहीत हवं, तर डिस्चार्ज कार्डचा फोटो आत्ताच मोबाइलमध्ये काढून घ्या आणि आजी-आजोबांच्या मोबाइलवरही पाठवा.