दीड वार नऊवारी

(दृश्य : सुईत दोरा ओवणारे हात)

ग्वाल्हेर. लष्कर भागातल्या या जुन्या घराच्या माजघरात सकाळपासून एकच काम चाललंय. दहा इंचांच्या बाहुलीला नऊवारी नेसवायची, तीही काष्ट्यासकट.

बाहुल्या करणाऱ्या काकूंचा हिशेब तोंडपाठ आहे. पाच फुटांच्या बाईला नऊ वार, म्हणजे दहा इंचांच्या बाहुलीला दीड वार. लांबी कमी करता येते, रुंदी कमी करता येते. जाडी मात्र तेवढीच राहते. साध्या सुती लुगड्याच्या निऱ्या खोचल्या की बाहुलीचं पोट सुटलेलं दिसतं. म्हणून चंदेरी, आणि तीसुद्धा जुनी, विरत आलेली. चंदेरी गाव शिंद्यांच्याच राज्यातलं, त्यामुळे इथल्या मराठी घरांतल्या ट्रंकांमधून अशा साड्या अजून निघतात. चेहऱ्याचं कापड उरेब कापायचं, म्हणजे ताणलं तरी चुणी पडत नाही. नाक-डोळे दोऱ्याने. रंग नाही.

(दृश्य : चैत्रगौरीची आरास)

कापडी बाहुली या शहराला नवी नाही. बट्टोबाईच्या बाहुल्या ग्वाल्हेरची ओळख आहेत. अकतीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इथल्या मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. त्याच दिवशी मराठी घरांत चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू असतं. काकूंची पहिली बाहुली लहानपणी अशाच आराशीत, आंब्याच्या डाळीच्या वाटीशेजारी बसली होती. भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेली म्हातारी होती ती.

आता मांडणीवर गुजर राणी मृगनयनी आहे. राजा मानसिंह तोमराने तिच्यासाठी किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महाल बांधला. माझ्या गावच्या नदीचं पाणी महालात आणाल तरच येईन, अशी अट तिने घातली होती म्हणे. काकूंच्या मृगनयनीला मुकुट नाही. कमरेवर घागर आहे. मला ही राणी फार खरी वाटते.

(दृश्य : फूलबाग, राणी लक्ष्मीबाईंची समाधी)

आणि झाशीची राणी? जून १८५८ मध्ये ती ग्वाल्हेरलाच पडली. घोडा, तलवार, पाठीशी बांधलेलं मूल, अशी बाहुली करून द्या म्हणून लोक सारखे मागतात. काकूंनी ती केलीच नाही. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांची या समाधीवर कविता आहे. वाटेने जाणाऱ्याला ती थांबवते, दोन आसवं गाळायला सांगते. काकूंनी तो वाटसरू केला. साधा माणूस. पागोटं काढून हातात घेतलेलं.

आसवं म्हणून आधी त्याच्या गालावर दोन काचेचे मणी लावून पाहिले होते. दुसऱ्या दिवशी उसवले. आता फक्त त्याची मान खाली आहे. त्यासाठी तार वापरलेली नाही; गळ्यात कापूस थोडा कमी भरलाय, इतकंच.