डेट्रॉइटच्या चौकातले मैदान : मुलांसाठी बेसबॉलची जागा कशी उभी राहते

नमस्कार. ज्या वस्त्यांमध्ये मुलांना खेळायला धड जागा नाही, तेथे बेसबॉलचे मैदान उभे करायचे म्हणजे नेमके काय करावे लागते, हे आज आपण अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या उदाहरणावरून समजून घेणार आहोत.

मिशिगन आणि ट्रम्बुल या रस्त्यांच्या चौकात १८९६ पासून बेसबॉल खेळला जात होता आणि १९१२ साली तेथे बांधलेले स्टेडियम पुढे टायगर स्टेडियम या नावाने प्रसिद्ध झाले. सप्टेंबर १९९९ मध्ये डेट्रॉइटचा व्यावसायिक बेसबॉल संघ टायगर्स तेथे शेवटचा सामना खेळून नव्या स्टेडियमकडे गेला, २००९ मध्ये जुनी वास्तू जमीनदोस्त झाली आणि सुमारे साडेनऊ एकर जागेवर रान माजले. मैदानातला १२५ फूट उंचीचा ध्वजस्तंभ तेवढा उभा राहिला.

२०१० मध्ये काही नागरिक आपापली गवत कापायची यंत्रे घेऊन तेथे शिरले. त्यांच्याकडे परवानगी नव्हती आणि पोलिसांनी त्यांना हुसकूनही लावले, तरी ते पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांनी तण उपटले, कचरा उचलला, पिचर जेथून चेंडू फेकतो तो मातीचा उंचवटा नव्याने रचला आणि मैदान खेळण्याजोगे केले. या लोकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

त्यांचे काम किती किचकट होते, हे एका बारीकशा जागेवरून कळते. बेस म्हणजे धाव काढताना खेळाडू ज्यांना स्पर्श करत धावतो ते चार टप्पे; या चारही बेसभोवतीची माती जेथे संपते आणि गवत सुरू होते, त्या कडेवर खेळाडूंच्या पायांनी उडालेली माती थराथराने साचत जाते. ही कड वेळच्या वेळी झाडून किंवा पाण्याच्या फवाऱ्याने साफ केली नाही, तर तेथे लहानसा बांध तयार होतो, पावसाचे पाणी त्यामागे तुंबते आणि वेगाने सरपटत आलेला चेंडू त्यावर आदळून थेट मुलाच्या तोंडावर उसळतो. म्हणूनच मातीला अगदी सौम्य उतार द्यावा लागतो आणि वाळू, गाळ व चिकणमाती यांचे प्रमाण जपावे लागते, कारण चिकणमाती जास्त झाली की चिखल होतो आणि वाळू जास्त झाली की पाय घसरतो.

पुढे शहरातील मुलांसाठी क्रीडा उपक्रम चालवणाऱ्या डेट्रॉइट पोलीस ॲथलेटिक लीग या संस्थेने ही जागा विकसित करायला घेतली. नैसर्गिक गवताऐवजी कृत्रिम गवत घालायचे ठरले, तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे ते गवत राखले होते त्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचे दुःख खरे होते. परंतु माझ्या मते संस्थेचा निर्णय योग्य होता. नैसर्गिक गवताला विश्रांती लागते आणि पाऊस झाला की सामने रद्द करावे लागतात, तर खडीच्या थरावर अंथरलेल्या कृत्रिम गवतातून पाणी लवकर निचरून जाते आणि एकाच मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक संघ खेळू शकतात. ज्या मुलांच्या वाट्याला मुळातच मोजकी मैदाने येतात, त्यांच्यासाठी हे खेळायला मिळणारे अधिकचे तास फार मोलाचे आहेत.

अर्थात हे गवत उन्हात नैसर्गिक गवतापेक्षा पुष्कळ जास्त तापते, त्यामुळे दुपारच्या सरावाच्या वेळा आणि सावली यांचा विचार आराखड्यातच करावा लागतो. शिवाय साधारणपणे आठ ते दहा वर्षांनी ते पूर्णपणे बदलावे लागते आणि तो खर्च मोठा असतो. उद्घाटनाला उत्साहाने येणारे देणगीदार त्या वेळी सहसा पुढे येत नाहीत. २०१८ मध्ये खुल्या झालेल्या या नव्या मैदानाला लागूनच संस्थेने आपले मुख्यालय थाटले आणि समारंभांसाठी भाड्याने देता येईल अशी जागाही त्याच इमारतीत ठेवली, म्हणजे निगा राखणारी माणसे रोज मैदानाशेजारीच असतात आणि उत्पन्नाचा एक मार्गही हाताशी राहतो.