कॅडेट प्रोग्रॅम की स्वखर्च? पायलट व्हायचं बिल कुणाच्या नावावर फाटतं

शिरपूर, बारामती, गोंदिया, महाराष्ट्रातल्या कुठल्याही फ्लाइंग स्कूलमध्ये सकाळी जा, दृश्य साधारण हेच असतं. हे सेस्ना १७२, एक इंजिन, चार सीट. पंखाखाली वाकलेली ही मुलगी टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक नळीत काढतेय आणि उजेडात धरून बघतेय की तळाला पाणी तर नाही ना. पेट्रोल निळसर दिसतं, त्यालाच अ‍ॅव्हगॅस म्हणतात. आता ती आत बसेल, इंजिन सुरू होईल आणि पॅनेलवरचं एक छोटं मीटर पळायला लागेल. त्याचं नाव हॉब्स मीटर, तासाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतं. धावपट्टीपाशी नंबर लागायची वाट बघत नुसतं उभं राहिलं तरी ते थांबत नाही, आणि बिल त्याच्यावरच होतं.

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम बघणारं केंद्र सरकारचं खातं, त्याचं कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, हवं असेल तर असे २०० तास भरावे लागतात, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. शिवाय नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल असे पेपर, प्रत्येकात ७० टक्के. बारावीला फिजिक्स-मॅथ्स पाहिजेच, आर्ट्स-कॉमर्सवाली बरीच मुलं ते दोन विषय ओपन स्कूलमधून देतात.

आता पैशाचं बोलू, कारण घरोघरी वाद त्याच्यावरूनच होतात.

स्वखर्चाने गेलात तर भारतात सीपीएलला ५० लाखांच्या आसपास लागतात, आणि एवढं करून हातात येतं ते फक्त लायसन्स. एअरबस ए३२० चालवायचं तर टाईप रेटिंग, म्हणजे त्याच जातीच्या विमानाचं ट्रेनिंग, वेगळं, सिम्युलेटरवर होतं, त्याचे अजून १५-२० लाख. एअरलाईनचा कॅडेट प्रोग्रॅम घेतला, म्हणजे एअरलाईनने आधी निवडून मग ट्रेनिंगला पाठवलं, तर सगळं एकाच पॅकेजमध्ये येतं, पण आकडा १ कोटीच्या वर जातो. आणि इथेच बऱ्याच पालकांचा गैरसमज होतो, त्यांना वाटतं एअरलाईनने मुलाला निवडलं म्हणजे खर्च एअरलाईन करणार. तसं नसतं हो! आपल्याकडच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये फी बहुतेक वेळा कॅडेटच भरतो. एअरलाईन देते ते एक पत्र, की ट्रेनिंग सगळं नीट पास झालास आणि त्या वेळी आम्हाला गरज असली तर नोकरी. त्या अटी नीट वाचा, शक्यतो वकिलाकडून वाचून घ्या, कारण साडेसात लाखांच्या वरच्या एज्युकेशन लोनला बँक सहसा तारण मागते आणि ते तारण म्हणजे बहुतेकांचं राहतं घर किंवा वावर असतं.

पत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एवढंच सांगायचंय. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, आणि मधे कोविडमध्ये तर भरतीच बंद. म्हणजे धोका दोन्हीकडे आहे, फक्त क्रम वेगळा. कॅडेटमध्ये आधी निवड होते, परीक्षा, सायकोमेट्रिक म्हणजे मानसिक चाचणी, इंटरव्ह्यू, आणि मग पैसे भरायचे. स्वखर्चात आधी पैसे जातात आणि तुम्ही एअरलाईनला चालणार की नाही हे कळतं दोन-तीन वर्षांनी.

हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो, फीच्या फरकापेक्षाही मोठा. कारण सीपीएल घेऊन घरी बसलेली मुलं आहेत आपल्याकडे, भरपूर आहेत. २०२३ मध्ये इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली तेव्हा सगळीकडे पायलटची टंचाई म्हणून बातम्या चालल्या, पण ऑर्डर केलेली विमानं यायला वर्षं लागतात आणि टंचाई असते ती मुख्यतः अनुभवी कॅप्टनची. २०० तासवाल्याला रांगेतच उभं राहावं लागतं. आणि रांगेत उभं राहणंही फुकट नाही, दरवर्षी क्लास वन मेडिकल, म्हणजे कमर्शियल पायलटची आरोग्य तपासणी, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर विमान उडवायच्या परवानगीचं, रिन्यूअल, म्हणजे पगार शून्य आणि खर्च चालूच.

खरी स्पॉन्सरशिप कशी असते ते बघायचं तर ब्रिटनमध्ये बघा. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये स्पीडबर्ड पायलट अकॅडमी सुरू केली, त्यात साधारण १ लाख पाउंडांपर्यंतचं ट्रेनिंग कंपनीच्या खर्चाने होतं. आपल्याकडे एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर स्वतःची अकॅडमी उभारायचं जाहीर केलं, ३४ विमानं, वर्षाला १८० पायलट. चांगलंच आहे, पण त्या १८० मध्ये मेळघाटातलं, चांदूर बाजारचं एखादं पोर असणार का, हे फी कोण भरणार त्याच्यावर ठरेल. सरकारी वाट अगदीच नाही असं नाही, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपमध्ये सीपीएल बसतं, महाज्योती या ओबीसी, भटके-विमुक्त विद्यार्थ्यांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थेनेही नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर ट्रेनिंगची योजना आणली होती. अशा जागा वाढायला पाहिजेत, मनापासून वाटतं.

तोवर स्वखर्चाने जाणाऱ्यांनी कॅडेटवाला क्रम स्वतःच लावून घ्यावा. एक रुपया फी भरायच्या आधी मेडिकल करा, क्लास टू आणि लगेच क्लास वन, कारण त्यात अडकलात तर बाकी सगळं वाया. मग पेपर काढा, त्याला विमान लागत नाही, आणि अभ्यास झेपतोय का तेही कळतं. एअरलाईनची कॅडेट परीक्षा एकदा देऊन बघा, प्रोग्रॅम घ्यायचा नसला तरी. मग स्कूल शोधा, डीजीसीए २०२५ पासून फ्लाइंग स्कूलचं रँकिंग काढतंय ते बघा, आणि फी एकरकमी अजिबात भरू नका, हप्ते तासांना बांधून घ्या. ब्रोशर बघून भुलू नका, त्याच्यातली विमानं हँगरमध्ये उघडून ठेवलेलीही असू शकतात. आज उडण्यासारखी किती आहेत, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, हे तोंडावर विचारा, आणि तिथल्याच दोन-तीन मुलांना कँटीनमध्ये गाठून त्यांची लॉगबुकं बघा, गेल्या तीन महिन्यांत किती तास भरलेत ते.