मेपलचा रस: पाझर मार्चचा, गोडवा गेल्या उन्हाळ्याचा

[दृश्य: अमेरिका, व्हरमाँट. बर्फात उभी मेपलची झाडं.]

मार्च उजाडतो आणि इथल्या मेपलला पाझर फुटतो. त्यासाठी रात्री पारा शून्याखाली जायला हवा आणि दिवसा चार-पाच अंशांवर यायला हवा. रात्री फांद्यांतला रस गोठू लागतो, लाकडातली हवा आकसते आणि जमिनीतलं पाणी मुळांवाटे वर ओढलं जातं. सकाळी ऊन लागतं, बर्फ वितळतो, कोंडलेली हवा पसरते आणि भोक सापडेल तिथून रस बाहेर येतो. आठवडाभर नुसती थंडीच राहिली किंवा नुसती ऊबच, तर धार आटते.

[दृश्य: ड्रिल आणि भुसा, अगदी जवळून.]

भोक जेमतेम 8 मिलिमीटर रुंद. भुश्याचा रंग बघा. पांढुरका असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी निघाला, तर गेल्या कुठल्यातरी हंगामातली जखम लागली. तिथून रस मिळत नाही. म्हणून दरवर्षी नवी जागा शोधायची.

भोकांतून रस वाहून नेणाऱ्या नळ्यांना व्हॅक्यूम पंप जोडला की रस भरपूर वाढतो. गोडवा मात्र पंपाने वाढत नाही.

[दृश्य: रसाचा थेंब, हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे गोडी मोजायचं यंत्र.]

आपले ऊसवाले ज्या ब्रिक्समध्ये, म्हणजे साधारण शेकडा साखरेत, गोडी मोजतात, त्यातच मेपलची गोडीही मोजतात. मेपलचा रस साधारण 2 ब्रिक्सचा. एक लिटर सिरपसाठी, म्हणजे घट्ट पाकासाठी, असा सुमारे 43 लिटर रस आटवावा लागतो. तोच 3 ब्रिक्सचा असला, तर 29 लिटरांत काम होतं. भट्टीचं किती जळण वाचलं!

आणि ही साखर या मार्चची नाहीच. ती गेल्या उन्हाळ्यात पानांनी तयार केली, खोडात स्टार्च म्हणून साठवली आणि थंडीत त्या स्टार्चची पुन्हा साखर झाली. 1988 साली व्हरमाँटमध्ये फुलकिड्यांनी मेपलची कोवळी पानं नासवली, तेव्हा झाडांच्या या साठ्यावरच घाला आला होता.

[दृश्य: उन्हाळा. एका मेपलचा रुंद, हिरवागार डेरा.]

काही झाडं जात्याच गोड असतात. पण डेरा जितका रुंद आणि ऊन जितकं मोकळं, तितकी साखर जास्त. दाटीत वाढलेलं, वर शेंड्याशीच पानं असलेलं झाड इथे मागे पडतं. म्हणून जाणता बागवान पंपाआधी कुऱ्हाडीचा विचार करतो: चांगल्या झाडाभोवतीची गर्दी बेताबेताने कमी करतो. डेरा पसरायला पुढे कित्येक वर्षं जातात, तरीही करतो.