सीपीआर शिकवताना : दाब द्यावा कसा आणि सोडावा कसा?

नमस्कार. कोल्हापुरात रिक्षावाल्याला ‘सीपीआर’ म्हटले की तो थेट छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडतो. आज मात्र मी ज्या सीपीआरविषयी बोलणार आहे, ते हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून मेंदूपर्यंत रक्त पोहोचवत ठेवण्याचे कौशल्य आहे, आणि ते एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या हातात कसे उतरवावे, हा आपला विषय आहे.

२०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या आरंभीच फाउंडेशन कोर्समध्ये बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे सीपीआरसारखे प्राथमिक जीवरक्षण, आले, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु एका मॅनिकिनभोवती, म्हणजे सरावाच्या पुतळ्याभोवती, शंभर मुले उभी करून दाखवलेल्या प्रात्यक्षिकाला मी प्रशिक्षण मानत नाही, कारण मागच्या रांगेतल्या मुलाचा हात त्या छातीला लागतच नाही.

विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतात ते श्वास ओळखताना. हृदय थांबल्यावरही काही वेळ माणूस तोंड उघडून तुटक, घरघरणारे आचके देतो; त्यालाच श्वास समजून मुले थांबतात आणि मोलाची मिनिटे जातात. म्हणून प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही आणि मानेतली नाडी दहा सेकंदांत निश्चितपणे लागत नाही, असे दिसताच मदतीसाठी हाक मारून, १०८ ला फोन करायला सांगून दाब सुरू करायचे, हे मी पुन्हापुन्हा करून घेतो.

प्रौढ व्यक्तीत छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचे आणि दर ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे, हे आकडे मुलांना पाठ असतात. खरी अडचण अंगाच्या ठेवणीत असते. तालमीत घुमणारा एक विद्यार्थी माझ्याकडे होता. दंड भरदार, पण जोर मारण्याच्या सवयीने तो कोपरे वाकवून दाबत असे आणि मिनिटभरातच दमत असे. गुडघे रुग्णाच्या अगदी जवळ, खांदे तळहातांच्या बरोबर वर, कोपरे ताठ आणि वजन कमरेतून, एवढे बदलल्यावर त्याचे दाब एकसारखे पडू लागले.

तरीही दमल्यावर तो छातीवर रेलत असे, आणि ही चूक मला सर्वांत घातक वाटते. छाती पूर्ण वर आली तरच हृदयात पुन्हा रक्त भरते. रेललेल्या हाताखाली ते भरत नाही, मग पुढचा दाब कितीही खोल असला तरी पुढे जाणारे रक्त कमीच. यासाठीच दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, तोही दमल्याची वाट न पाहता.

काही महिन्यांत हे कौशल्य हातांतून निसटू लागते. त्यामुळे वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा घेण्यापेक्षा दर तिमाहीत वीस मिनिटांचा सराव मी अधिक मोलाचा मानतो.

आता मी मॅनिकिनवर दोन मिनिटे दाब देऊन दाखवतो. माझ्या कोपरांकडे पाहा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती कुठपर्यंत वर येते, त्याकडेही पाहा.