४०८ विजयांचे माप

मित्रहो, अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा (हा सॉकर नव्हे, चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ) सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक कोण, हा वाद बहुधा विजेतेपदांच्या आकड्यावर मिटवला जातो. अलाबामा विद्यापीठाच्या बेअर ब्रायंट यांची राष्ट्रीय विजेतेपदे सहा आणि निक सेबन यांची सात. तेव्हा सेबन श्रेष्ठ, आणि विषय संपला.

हा आकडा मात्र दिसतो तितका भक्कम नाही. कित्येक दशके या खेळातला राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरतच नसे. पत्रकार आणि प्रशिक्षक आपापल्या मतदानाने तो ठरवत. १९७३ साली प्रशिक्षकांनी हंगामाअखेरचे ‘बोल’ सामने होण्याआधीच मते देऊन अलाबामाला विजेता ठरवले, आणि मग शुगर बोलमध्ये नोटर डेमने त्याच अलाबामाला २४-२३ असे हरवले. निकालाआधीच पेढे वाटून झाले होते, ते परत कोण घेणार? ब्रायंट यांच्या सहांमध्ये ते विजेतेपद आजही मोजले जाते. सेबन यांचे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडचे २००३ चे पहिले विजेतेपदही वादातीत नाही, कारण त्या वर्षी पत्रकारांचा कौल सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला होता. तरीही या दोघांत मी सेबन यांनाच वर ठेवीन. ब्रायंट यांच्या उमेदीच्या काळात श्रीमंत विद्यापीठाला शिष्यवृत्त्या देऊन हवे तितके खेळाडू गोळा करता येत. सेबन यांना अलाबामात इतरांप्रमाणेच ८५ शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेत राहावे लागले.

पण मला विचाराल तर माझे उत्तर या दोघांपैकी कोणीच नाही. ते एडी रॉबिन्सन आहे.

लुइझियानातील ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या लहानशा कॉलेजात ते १९४१ साली रुजू झाले आणि १९९७ पर्यंत तिथेच राहिले. सुरुवातीला मैदानावरचे गवत कापण्यापासून खेळाडूंचे घोटे पट्टीने बांधण्यापर्यंतची कामे त्यांनाच करावी लागत. दुसऱ्याच हंगामात, १९४२ साली, त्यांचा संघ सर्व सामने जिंकला आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळाला नाही. पुढची दोन वर्षे युद्धामुळे संघच नव्हता. एकूण विजय ४०८, आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेले शिष्य दोनशेहून अधिक.

त्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, असा आक्षेप हमखास घेतला जातो. दक्षिणेतील मोठी विद्यापीठे ग्रॅम्ब्लिंगशी खेळत नसत, कारण त्यांना कृष्णवर्णीय खेळाडूच चालत नव्हते. ब्रायंट यांच्या संघानेही असा पहिला खेळाडू शिष्यवृत्ती देऊन घेतला तो १९७० साली. म्हणजे ज्या भिंतीमुळे रॉबिन्सन यांना तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळाले नाहीत, तिचाच दोष आपण त्यांच्या नावावर मांडतो. उलट ती भिंत पडल्यावर त्यांची वाट अधिक अवघड झाली, कारण पूर्वी ग्रॅम्ब्लिंगला येणारी गुणी मुले आता मोठ्या विद्यापीठांकडे जाऊ लागली. तशाही काळात, १९८५ साली, त्यांनी ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला.

आता ती दोनशे नावे पाहा. त्यांत डग विल्यम्स आहेत. कृष्णवर्णीय खेळाडूला क्वार्टरबॅकची, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूची, जागा पेलणार नाही, असा समज व्यावसायिक संघांत रुजलेला असताना ग्रॅम्ब्लिंगमध्ये ते त्याच जागेवर तयार झाले, आणि जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकून देऊन त्या सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. रॉबिन्सन निवृत्त झाले, तेव्हा ग्रॅम्ब्लिंगचे प्रशिक्षकपद याच शिष्याकडे आले.