वहीत नाव नाही, मूल नाही

नमस्कार श्रोतेहो. सांगलीतल्या एका पाळणाघराची व्यवस्था मी बघते. व्यवस्थापिका म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर मुलांशी खेळत असणार. खेळतात त्या आमच्या मावश्या. माझ्या वाट्याला फी, दूधवाला, लसीची कार्डं, रजेवरच्या मावशीची बदली, आणि फाटकाजवळची वही. मूल कोण घेऊन गेलं, किती वाजता, आणि सही. वहीत नाव नसेल तर मूल द्यायचं नाही. पुन्हा सांगते, वहीत नाव नसेल तर मूल द्यायचं नाही.

एकदा भर दुपारी तासगावहून एक आजोबा आले. धोतर, पटका, हातात बेदाण्याची पिशवी. "नातवाला न्यायला आलोय." वहीत त्यांचं नाव नव्हतं. तेवढ्यात नातू "आबा!" करत धावत आला आणि धोतराला बिलगला. आता काय करायचं? तरीही नाही म्हटलं.

आजोबा तापले. "पोरगं वळखतंय मला, आन् तुमची वही वळखंना व्हय? सरपंच होतो मी गावचा!"

आई कुपवाड एमआयडीसीत. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं मालकाला पाळणाघराची सोय करावी लागते, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. तिचा कारखाना छोटा, म्हणून मूल आमच्याकडे. मशीनवर मोबाईल चालत नाही, म्हणून ऑफिसात फोन केला. निरोप पोचेपर्यंत आजोबांना आत खुर्ची दिली, चहा दिला. त्यांनी पिशवी सोडली आणि सगळी पोरं भोवती गोळा. मावशीनं लहानग्यांना बाजूला घेतलं, बेदाणा घशात अडकतो. मोठ्यांनी मात्र ताव मारला. माझं तर मत आहे, डब्यात ते क्रीमचं बिस्किट देण्यापेक्षा चार बेदाणे द्या. आपल्याच जिल्ह्यात पिकतो आणि आपणच खात नाही! असो.

शेवटी आईचा फोन आला. तिनं हो म्हटलं, मी आधार कार्ड बघितलं, वहीत सही घेतली. जाताना आजोबा एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या वेळी आले तेव्हा सुनेनं नाव लिहून ठेवलं होतं. तरी फाटकाबाहेरूनच त्यांनी आधार कार्ड वर धरलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बाबांना दरडावून विचारलं, "तुमचं नाव हाय का वहीत?"